प्रेरणा कोठून येते?

चित्रकलेच्या तासाला शिक्षकांनी ‘निसर्गदेखावा काढा’ असे सांगितले, की वर्गात बहुधा एकच चित्र चाळीस वेळा उमटते. दोन त्रिकोणी डोंगर, त्यांच्या मधून डोकावणारा सूर्य, वळणावळणाने खाली येणारी नदी, काठावर झोपडी, शेजारी नारळाचे झाड आणि आकाशात चार-पाच पक्षी. मराठवाड्यातील ज्या गावाजवळ डोंगर नाही, नदी नाही आणि नारळ केवळ देवळात फोडण्यापुरताच दिसतो, तेथील मुलेही हेच चित्र काढतात. तो देखावा त्यांनी कोठे पाहिलेला असतो? वरच्या वर्गातील एखाद्या मुलाच्या वहीत. आणि त्या मुलाने आणखी कोणाच्या तरी वहीत.

यात मुलांचा दोष थोडा आहे. जे रोज डोळ्यांपुढे असते ते चित्रात काढण्याजोगे नसते, चित्रातील सौंदर्य कोठेतरी दूर असते, अशी समजूत मोठ्या माणसांनीच त्यांना करून दिलेली असते. प्रेरणेविषयीही तसेच. ती विजेप्रमाणे आकाशातून येते, ज्याच्यावर पडेल तो कलावंत, बाकीचे सारे सामान्य. असे मनाशी ठरवून पुष्कळ मुले बाराव्या-तेराव्या वर्षीच कुंचला खाली ठेवतात. ही हानी लहान नव्हे.

सय्यद हैदर रझा या थोर चित्रकारांची हकीकत या दृष्टीने लक्षात घेण्याजोगी आहे. त्यांचा जन्म १९२२ साली मध्य प्रांतातील मंडला जिल्ह्यात झाला. वडील वनखात्यात नोकरीला असल्यामुळे बालपण नर्मदेच्या खोऱ्यातील दाट अरण्याच्या सान्निध्यात गेले. दिवसा ते अरण्य मनाला मोहवी आणि रात्री त्याचेच भय वाटे. शाळेत या मुलाचे चित्त ठरत नसे. एके दिवशी नंदलाल झारिया या शिक्षकांनी भिंतीवर एक ठिपका काढला आणि त्याला त्या ठिपक्याकडेच पाहत राहण्यास सांगितले. त्यातून चित्रकार घडवावा, असा गुरुजींचा हेतू मुळीच नसावा. भटकणारे मन एका जागी यावे, एवढाच असावा.

पुढे रझा नागपूरच्या आणि मुंबईच्या कलाशाळांत शिकले व १९५० साली फ्रान्सला गेले. तेथील गावे, घरे, टेकड्या त्यांनी रंगवल्या. १९५६ साली तेथील समीक्षकांचे मानाचे पारितोषिकही त्यांना मिळाले. एवढे झाल्यावर दुसरा एखादा स्वस्थ बसला असता. परंतु या चित्रांत आपले स्वतःचे असे काहीतरी राहून जात आहे, ही रुखरुख त्यांच्या मनातून जाईना. अखेर पन्नाशी उलटल्यानंतर त्यांच्या चित्रांच्या मध्यभागी एक मोठे काळे वर्तुळ येऊन बसले. शाळेच्या भिंतीवरील तो ठिपका इतक्या वर्षांनी परत आला होता! ‘बिंदू’ या नावाने ती चित्रे पुढे जगभर ओळखली जाऊ लागली. रझा २०१६ साली निवर्तले, आणि त्यांच्या इच्छेप्रमाणे त्यांना मंडला येथेच, वडिलांच्या शेजारी, विसावा देण्यात आला.

भिंतीवर ठिपके पुष्कळ असतात. त्यांपैकी एकाकडे कोणी तरी पुरेसा वेळ पाहिले, म्हणून तो जन्मभर पुरला.

मग दुसऱ्याचे चित्र पाहून काढूच नये काय, अशी शंका येथे निघेल. तसे मात्र म्हणता येणार नाही. १८७२ ते १८८५ या काळात, मध्ये खंड पडत, मुंबईच्या सर जे. जे. कलाशाळेतील विद्यार्थी जॉन ग्रिफिथ्स या आपल्या गुरूंबरोबर अजिंठ्याला जात. पुढे नामांकित झालेले चित्रकार पेस्तनजी बोमनजी हे त्यांच्यांतीलच एक. लेण्यांच्या अंधुक उजेडात, झडत चाललेल्या भित्तिचित्रांच्या प्रतिकृती हे विद्यार्थी कापडावर उतरवून घेत. लंडनला पाठवलेल्या त्या प्रतिकृतींपैकी बऱ्याचशा १८८५ साली तेथील संग्रहालयाला लागलेल्या आगीत जळून गेल्या. काम नकलेचेच होते खरे. परंतु एखादी मान कोठे वळली, एखादे बोट कसे मुडपले, हे उमगेपर्यंत भिंतीपुढून हलता येत नसे. अशी नक्कल डोळ्याला धार लावते. वहीतले दोन डोंगर उतरवताना डोळ्याला काही कामच नसते.

वारली चित्रांची आज शाळाशाळांतून जी गत झाली आहे, तीही विचार करण्यासारखी आहे. डहाणूच्या परिसरातील वारली स्त्रिया लग्नप्रसंगी गेरूच्या भिंतीवर तांदळाच्या पिठाने चौक काढीत. जिव्या सोमा म्हसे यांनी ती कला कागदावर आणली आणि तिला जगापुढे नेले. २०११ साली त्यांना पद्मश्री मिळाली. शेत, मासे धरण्याचे जाळे, मुंग्यांची धावपळ, तारप्याच्या सुरावर फेर धरणारी माणसे, हे सारे त्यांनी पाहिलेलेच काढले. आता मात्र दोन त्रिकोण एकमेकांवर उलटे ठेवले आणि त्यांना हातपाय जोडले, की वारली चित्र झाले, असे मुले समजतात व मडक्यांवर ते रंगवून बक्षिसे मिळवतात. ज्याने तारपा कधी ऐकला नाही, त्याच्या हाती ते त्रिकोण म्हणजे पुन्हा दोन डोंगरच. रेखाकला परीक्षेतील ‘स्मरणचित्र’ हे नाव किती सार्थ आहे! तथापि पुष्कळ मुले त्यासाठी बाजार किंवा जत्रा आठवीत नाहीत. बाजाराचे तयार चित्र पाठ करून जातात.

असे असूनही चाळीस कागदांत एखादा वेगळा निघतोच. कोणा मुलीने गावाचा हातपंप काढलेला असतो. त्याच्यापुढे घागरींची वेडीवाकडी रांग असते. आकाश निळे नसून मातकट असते, कारण पाऊस लांबलेला आहे. पंपाचा दांडा तर प्रमाणाबाहेर उंच गेलेला असतो. अशा कागदाला पुष्कळदा कमी गुण मिळतात आणि डोंगरांना अधिक. चूक दाखवायची म्हणून त्या दांड्याभोवती लाल पेन्सिलीने वर्तुळही काढले जाते. वर्तुळ काढण्यापूर्वी, दांडा इतका उंच का, हे त्या मुलीला एकदा विचारावे. वर गेलेल्या त्या दांड्यापर्यंत तिचा हात अजून पोचत नाही.