विश्लेषण : ‘कट्यार’ची गाणी घरोघरी, मग संगीत नाटक सोलापूरपर्यंत का पोहोचत नाही?

‘कट्यार काळजात घुसली’ म्हटलं की आज अनेकांना २०१५चा चित्रपट आठवतो. मूळ नाटक १९६७चं. लेखन पुरुषोत्तम दारव्हेकरांचं, संगीत जितेंद्र अभिषेकींचं आणि खाँसाहेबांच्या भूमिकेत वसंतराव देशपांडे. खाँसाहेबांच्या मुलीची, झरीनाची भूमिका गाजवणाऱ्या फैयाज मूळच्या सोलापूरच्या. २०१५ साली बेळगावच्या नाट्य संमेलनाचं अध्यक्षपदही त्यांनी भूषवलं. जानेवारी २०२५ मध्ये ‘संगीत मानापमान’ पडद्यावर आलं आणि संगीत नाटकाची पुन्हा चर्चा झाली. पण पडद्यावरचं यश रंगमंचापर्यंत झिरपतंच असं नाही.

अडचण कुठे आहे?

आधी हिशेबात. दोन-तीन पात्रांचं गद्य नाटक कमी माणसांत दौरा करतं. संगीत नाटकाला गाणारे नट लागतात, शिवाय ऑर्गन आणि तबल्याची साथ, तीही रोजच्या तालमीतली. गद्य नाटक शनिवार-रविवारी दोन-दोन प्रयोग लावू शकतं. तीन तास गाणाऱ्याचा गळा ते झेपवत नाही. आयत्या वेळी बदली नटही मिळत नाही. त्यात पुण्याहून सोलापूर सुमारे अडीचशे किलोमीटर, मुंबईहून चारशे. हुतात्मा स्मृती मंदिर भरलं तरी एका प्रयोगाच्या तिकिटांतून एवढा खर्च निघणं कठीण.

युरोपातल्या ऑपेराचंही गणित तिकिटांवर जमत नाही. तिथे सरकारी अनुदान असतं, अमेरिकेत देणगीदार. न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन ऑपेराने २००६ पासून अख्खे प्रयोग चित्रपटगृहांत थेट दाखवायला सुरुवात केली.

मराठीत मात्र ध्वनिमुद्रण म्हणजे मुख्यतः पदं. जुन्या तबकडीच्या एका बाजूवर जेमतेम तीन-साडेतीन मिनिटं मावत. ‘वन्स मोअर’ घेत रंगणारं बालगंधर्वांचं पद त्यात आखडून बसवावं लागे. पद टिकलं, प्रसंग सुटला. ‘कट्यार’मध्ये तर दोन गायकींचं वैर हाच नाटकाचा कणा, तिथे गाणं हेच भांडणातलं हत्यार. प्रसंगाशिवाय ते फक्त गोड वाटतं.

सोलापूरसारख्या शहराला परवडते ती नाट्यगीतांची मैफल. दोन गायक, ऑर्गन, तबला, सगळे एका गाडीत मावतात. झरीनाचं गाणंही होतं. झरीना कोण, हे निवेदक आधी दोन वाक्यांत सांगतो.