श्रेयांकांची पेढी आणि अरण्यातील ठेवीदार

विद्येला धन म्हणण्याची चाल आपल्याकडे फार जुनी आहे. परंतु त्या धनासाठी पेढी उघडण्याची कल्पना मात्र अगदी अलीकडची. २०२१ च्या जुलै महिन्यात विद्यापीठ अनुदान आयोगाने 'शैक्षणिक श्रेयांक बँके'चे नियम काढले, आणि तेव्हापासून पदवीचा अभ्यास म्हणजे एका खात्यात थोडीथोडी ठेव साठवीत जाणे होय, अशी परिभाषा रूढ झाली. पंधरा तासांची व्याख्याने किंवा तीस तासांचे प्रात्यक्षिक म्हणजे एक श्रेयांक. महाराष्ट्र शासनाच्या २० एप्रिल २०२३ च्या निर्णयाप्रमाणे एका सत्रास २० ते २२ व एका वर्षास ४० ते ४४ श्रेयांक. तीन वर्षांचे १२० ते १३२ झाले की पदवी. २०२४-२५ पासून ही व्यवस्था संलग्न महाविद्यालयांतही आली. विद्यार्थ्याने मध्येच अभ्यास सोडला तर जमा झालेले श्रेयांक बुडत नाहीत. एका वर्षाने प्रमाणपत्र, दोन वर्षांनी पदविका असा काही ना काही कागद हाती पडतो, आणि पुढे परत येऊन उरलेला अभ्यास पुरा करता येतो, असे आश्वासन आहे.

ह्या पेढीशी आमचे तत्त्वतः वैर नाही. शिकलेले फुकट जाऊ नये, हे तिचे मूळ सूत्र आम्हांस मान्य आहे. आमची तक्रार निराळी आहे. पेढीचे नियम करणाऱ्यांनी जो ठेवीदार डोळ्यांपुढे धरला तो मोठ्या शहरातला, घरी संगणक असलेला, एक वर्ष विसावा घेऊन पुन्हा वर्गात येऊ शकणारा विद्यार्थी होय. चंद्रपूर आणि गडचिरोली ह्या वनप्रदेशांतल्या विद्यार्थ्याने ह्या पेढीचा उंबरा ओलांडला, म्हणजे तेच नियम त्याच्यावर उलटतात. त्याला बाहेर जाण्याचे दार सताड उघडे सापडते, आणि आत येण्याच्या दारास तीन कुलपे लावलेली आढळतात.

प्रथम ह्या भूमीचा विचार करू. १९८२ साली चंद्रपुरातून गडचिरोली हा जिल्हा वेगळा झाला. त्याचा बहुतेक भाग अरण्याखाली आहे, आणि २०११ च्या जनगणनेप्रमाणे त्यातील सुमारे ३९ टक्के लोक अनुसूचित जमातींचे आहेत. भामरागडकडे घरात माडिया बोलतात, सिरोंचाकडे तेलुगू, मुलचेऱ्याच्या वसाहतींत बंगाली. ह्या सर्वांच्या मुलांस पूर्वी पदवी घ्यावयाची ती नागपूर विद्यापीठाची. सिरोंचाहून नागपूर साडेतीनशे किलोमीटरांच्या आसपास पडते. गुणपत्रिकेतील एक चूक दुरुस्त करून घ्यावयाची तर जाण्यायेण्यातच दोन दिवस आणि घरातील आठवड्याची मजुरी खर्ची पडावी, अशी ती स्थिती. म्हणून २०११ साली गडचिरोलीस गोंडवाना विद्यापीठ निघाले. विद्यापीठ विद्यार्थ्यापाशी आले पाहिजे, विद्यार्थ्याने विद्यापीठाच्या शोधात वणवण करू नये, हेच त्याच्या जन्माचे प्रयोजन होते. नवी नोंदव्यवस्था हे प्रयोजन पुढे नेते की मागे ढकलते, ह्याच कसोटीवर तिची परीक्षा केली पाहिजे.

पहिले कुलूप नावाचे. श्रेयांक जमा व्हावयाचे तर विद्यार्थ्याचे खाते असावे लागते, त्यास बारा अंकी 'अपार' क्रमांक लागतो, आणि महाविद्यालयाने पाठविलेले नाव, जन्मतारीख व लिंग ही खात्यावरील नोंदीशी जुळावी लागतात. आता मडावी हे आडनाव रोमन लिपीत लिहिताना कोणी 'व्ही' घालतो, कोणी 'डब्ल्यू'. आत्रामाच्या आरंभी कोणी एक 'ए' लिहितो, कोणी दोन. ज्याची मातृभाषा माडिया, ज्याचे नाव मास्तरांनी मराठीत ऐकून लिहिले, आणि आधार केंद्रावरील माणसाने ते इंग्रजीत उतरविले, त्याच्या तीन कागदांवर तीन नावे असली तर त्यात नवल ते काय? दोष लिहिणाऱ्यांचा, परंतु तो निस्तरावयाचा मात्र ज्याचे नाव चुकले त्याने! दुरुस्तीसाठी तालुक्याचे केंद्र, तेथून शाळा, तेथून महाविद्यालय, अशी प्रदक्षिणा त्यास घालावी लागते. स्वतःच्या कारकुनाची चूक ठेवीदाराच्या माथी मारणाऱ्या सावकारास आपण काय म्हणतो, हे वाचकांस सांगावयास नको.

दुसरे कुलूप ऋतूचे. एका वर्षाने अभ्यास सोडणाऱ्यास प्रमाणपत्र मिळावे म्हणून आयोगाच्या २०२२ च्या आराखड्यात एक अट आहे: उन्हाळ्याच्या सुटीत चार श्रेयांकांचा एक व्यावसायिक अभ्यासक्रम पुरा केला पाहिजे. महाराष्ट्रानेही वर्षाच्या श्रेयांकांखेरीज चार श्रेयांकांचा कौशल्याचा अभ्यासक्रम किंवा उमेदवारी अशी अट घातली आहे. नियम लिहिणाऱ्यांस उन्हाळा म्हणजे रिकामा काळ वाटला असावा. ह्या अरण्यांत उन्हाळा हाच कमाईचा हंगाम आहे. मार्च-एप्रिलात मोहफूल, एप्रिलच्या अखेरीपासून मे महिन्यात तेंदूपत्ता. घरातील लहानथोर सर्व माणसे पहाटेपासून रानात असतात, आणि त्या काही आठवड्यांच्या मिळकतीवर घराचे पुढचे कित्येक महिने निभावतात. जो विद्यार्थी पैशाअभावी अभ्यास सोडतो आहे, त्यासच नेमके सांगावयाचे की, पैसा मिळविण्याचे दिवस वर्गात घालव, तरच तुझा गेल्या वर्षाचा कागद तुला मिळेल! ह्याहून विपरीत अट योजून काढणेही कठीण.

तिसरे कुलूप मुदतीचे. सोडून गेलेल्यास तीन वर्षांच्या आत परत येता येते, आणि सात वर्षांच्या आत पदवी पुरी करावी लागते. कागदावर ही मुदत उदार दिसते. परंतु धाकट्या भावंडांचे शिक्षण, आईबापांचे आजारपण, मुलीच्या बाबतीत लग्न व बाळंतपण, ह्यांतून डोके वर काढावयास तीन वर्षे पुरतात काय? आणि परत येणाऱ्यास वसतिगृहातील जागा कोण राखून ठेवतो? मधल्या वर्षांत अभ्यासक्रम बदलला तर जुन्या श्रेयांकांची सांगड कोण घालून देतो? जो अभ्यास अखंड चालवितो त्यासच ह्या गोष्टी मिळवताना नाकी नऊ येतात. मग खंड पडलेल्याची काय कथा!

ह्यावर नव्या व्यवस्थेचे कैवारी म्हणतील, "पूर्वी अर्ध्यावर सोडणाऱ्याच्या हाती काहीच पडत नसे, आता निदान एक प्रमाणपत्र तरी पडते. हे काय वाईट झाले?" हा युक्तिवाद पोकळ नाही, आणि आम्ही तो उडवून लावीत नाही. काहीच नसण्यापेक्षा एक कागद बरा. परंतु दोन गोष्टी लक्षात घेतल्या पाहिजेत. एक, त्या एका वर्षाच्या कागदावर कोणती नोकरी मिळते? जेथे जेथे पदवी मागतात तेथे तेथे त्याचा उपयोग नाही, आणि जेथे बारावी पुरते तेथे त्याची गरज नाही. दुसरी गोष्ट अधिक गंभीर आहे. पूर्वी विद्यार्थी गळला तर ती महाविद्यालयाच्या दृष्टीने नामुष्की होती. 'गळती' हा शब्दच तिची साक्ष देतो. आता तोच विद्यार्थी गेला तर तो 'निर्गमनाचा पर्याय' स्वीकारून गेला असे लिहिता येते. दारिद्र्याने घालविलेला मुलगा स्वेच्छेने गेलेला ठरतो, आणि कोणासही त्याचा जाब द्यावा लागत नाही. ज्या दुखण्याचे नाव बदलले त्याची चिकित्सा कोण करणार?

श्रेणीच्या बाबतीतही हीच आंधळी समता दिसते. दहा गुणांच्या नव्या श्रेणीत अनुत्तीर्णाचा अंक शून्य, आणि अनुपस्थिताचाही अंक शून्य. भामरागडास पर्लकोटा नदीचे पाणी पुलावरून वाहू लागले म्हणजे तो भाग जगापासून तुटतो, हे पावसाळ्यापावसाळ्याला वर्तमानपत्रांत छापून येते. जो पुरापलीकडे अडकला आणि ज्याने उत्तरपत्रिका कोरी ठेवली, त्या दोघांच्या नावापुढे अक्षर निराळे असेल, पण गणितात दोघे सारखेच. सरासरी काढणाऱ्या यंत्रास नदी माहीत नसते. परंतु यंत्र चालविणाऱ्यांस ती माहीत असावी, इतकी अपेक्षा आम्ही करतो.

आता मुख्य मुद्द्याकडे वळू. पेढीत काय जमा होते ह्यापेक्षा काय जमा होत नाही, हे अधिक बोलके आहे. धानोरा तालुक्यातील मेंढा (लेखा) ह्या गावास २००९ साली सुमारे १,८०० हेक्टर वनावर सामूहिक हक्क मिळाला, आणि २०११ साली बांबूच्या वाहतुकीचा परवाना देण्याचा अधिकारही ग्रामसभेच्या हाती आला. त्या गावाने वर्षानुवर्षे अभ्यासगट चालविले, कायदा वाचला, वन मोजले, हिशेब ठेवले. गडचिरोलीतच 'सर्च' संस्थेने पाच ते दहा इयत्ता शिकलेल्या गावातील स्त्रियांस नवजात बालकांची शुश्रूषा शिकविली. तीन वर्षांत त्या गावांतील नवजातांचे मृत्यू ६२ टक्क्यांनी घटले, आणि १९९९ साली 'लॅन्सेट' ह्या जगन्मान्य वैद्यकीय नियतकालिकात ते संशोधन प्रसिद्ध झाले. ज्या ज्ञानाने पुढे देशाच्या आरोग्यधोरणास वळण दिले, त्याच्या बदल्यात त्या स्त्रियांच्या खात्यावर एकही श्रेयांक जमा झाला नाही. कारण ते ज्ञान वर्गाबाहेर, तासांच्या हजेरीवाचून मिळविलेले होते.

नव्या अभ्यासक्रमात 'भारतीय ज्ञानपरंपरा' ह्या विषयास दोन श्रेयांक दिले आहेत. ठीक आहे. पण ज्या मुलीस रानातील शेकडो झाडे त्यांच्या माडिया नावांनी ओळखता येतात, कोणत्या झाडाचे पान केव्हा तोडावे आणि कोणते राखावे हे कळते, तिने ही परंपरा पुस्तकातून पाठ करून दोन श्रेयांक मिळवावे, आणि जे ती जाणते त्यास शून्य किंमत यावी, ही थट्टा नव्हे काय? बरे, नियम आडवे येतात असेही नाही. २०२३ च्या राष्ट्रीय श्रेयांक आराखड्यात अनुभवाने मिळविलेल्या प्रावीण्यासही श्रेयांक देण्याची सोय आहे. राज्याच्या आराखड्यात क्षेत्रप्रकल्प आणि समाजसंपर्क ह्यांस स्वतंत्र श्रेयांक आहेत. ग्रामसभांशी नाते जोडण्याचे काही उपक्रम गोंडवाना विद्यापीठाने हाती घेतले आहेत, हे आम्ही जाणतो व त्याचे कौतुकही करतो. तेंदूच्या लिलावाचा हिशेब, बांबूच्या कटाईची योजना, वनहक्काच्या दाव्याचा नकाशा ही कामे प्रत्येक महाविद्यालयात श्रेयांकांस पात्र व्हावीत; ती प्राध्यापकाच्या मर्जीवर अवलंबून नसावीत.

कोणी म्हणेल, नियम सर्वत्र एक असला पाहिजे, नाहीतर पदवीची किंमत उतरेल. आम्ही कसोटी सैल करा असे म्हणत नाही. खडतर वाट चालणाऱ्यास तेवढेच अंतर चालू द्या, पण वाटेतले काटे तुम्ही पेरू नका, इतकेच आमचे म्हणणे. दुसरे कोणी म्हणेल, महाविद्यालयांत माणसेच नाहीत. हे मात्र खरे आहे. प्राध्यापकांच्या व कारकुनांच्या जागा वर्षानुवर्षे रिक्त ठेवून त्याच महाविद्यालयांवर नोंदींचा नवा डोंगर लादणे हा शासनाचा अपराध आहे. आणि त्या अपराधाचा दंड विद्यार्थ्याकडून वसूल करणे हा त्याहून मोठा अपराध आहे.

म्हणून आमचे मागणे थोडक्यात असे आहे. नावाची विसंगती आढळल्यास ती महाविद्यालयाने स्वखर्चाने, ठरलेल्या मुदतीत, तालुक्याच्या ठिकाणी दुरुस्त करून द्यावी. निर्गमनाचा अभ्यासक्रम मोहफूल व तेंदूच्या हंगामात ठेवू नये, आणि परत येण्याची तीन वर्षांची मर्यादा ह्या जिल्ह्यांपुरती काढून टाकावी. पुरामुळे हुकलेल्या परीक्षेची नोंद शून्याने न करता ती परीक्षा पुन्हा घ्यावी. आणि शेवटची गोष्ट, जी करावयास एक पैही लागत नाही: विद्यापीठाने दर वर्षी महाविद्यालयवार दोन आकडे प्रसिद्ध करावे, किती विद्यार्थी प्रमाणपत्र घेऊन बाहेर पडले, आणि त्यांपैकी किती परत आले. पेढीची पत तिच्या फलकावरून ठरत नसते. ठेवीदारास आपली ठेव परत मिळते की नाही, ह्यावरून ठरते. ते दोन आकडे शेजारी शेजारी छापले गेले, म्हणजे ही पेढी कोणासाठी चालविली जाते ते अरण्यातील लोकांस आमच्या लेखावाचूनही कळेल.