एक कुटुंब, दोन फायली

'घर पाहावे बांधून' ही म्हण ज्या काळी रूढ झाली, त्या काळी घर आयुष्यात एकदाच बांधले जाई आणि त्यात दोन-तीन पिढ्या नांदत. राहते घर विकायचे आणि त्याच सुमारास दुसरे घ्यायचे, ही कल्पना त्या म्हणीच्या कर्त्याच्या मनातही आली नसावी. आज आपल्या बँकेच्या गृहकर्ज विभागात येणाऱ्या अनेक मध्यमवयीन ग्राहकांची गरज मात्र नेमकी हीच असते. लग्नानंतर घेतलेला वन बीएचके असतो. मग दोन मुले होतात, मोठीची दहावी जवळ येते, गावाकडे आईला एकटे ठेवणे कठीण होते आणि बाहेरच्या खोलीत कोणी झोपायचे व कोणी अभ्यासाला जागायचे, हा प्रश्न रोज रात्री नव्याने उभा राहतो.

अशा कुटुंबाला आपण नव्या घरासाठी कर्ज देतो. जुने घर मात्र वेगळ्या फायलीत, बहुधा वेगळ्या शाखेत आणि कित्येकदा वेगळ्या बँकेत असते. ग्राहकाच्या दृष्टीने हा एकच व्यवहार आहे. आपल्या दृष्टीने ते दोन व्यवहार असून त्यांचा परस्परांशी संबंध नाही. माझ्या मते बहुतेक अडचणींचे मूळ येथेच आहे.

पुण्याच्या उपनगरातील एक उदाहरण कल्पू. जुन्या घराला ६० लाख रुपये येणार आहेत आणि नवे घर १ कोटी १० लाखांचे आहे. पगार पाहता ६५ लाखांचे कर्ज मिळू शकते. ग्राहक मनात हिशेब मांडतो: ६० आणि ६५ मिळून सव्वा कोट, म्हणजे वर १५ लाख शिल्लक. आता कागदावर मांडू. जुन्या घरावरचे १४ लाखांचे कर्ज आधी फिटले पाहिजे. विक्रीची किंमत ५० लाख किंवा अधिक असल्याने खरेदीदार १ टक्का, म्हणजे ६० हजार रुपये, प्राप्तिकरापोटी कापून घेईल. ती रक्कम पुढे विवरणपत्रात वळती होते, पण व्यवहाराच्या दिवशी हातात नसते. १ टक्का दलाली धरली तर आणखी ६० हजार. हातात राहिले ४४ लाख ८० हजार. नव्या घरासाठी कर्जाव्यतिरिक्त ४५ लाख हवेत. शिवाय ७ टक्के मुद्रांक शुल्काचे ७ लाख ७० हजार, नोंदणीचे ३० हजार आणि दलालीचे १ लाख १० हजार. एकूण ५४ लाख १० हजार. शिल्लक तर दूरच, उलट ९ लाख ३० हजारांची तूट आहे. मुद्रांक शुल्क व नोंदणीचा खर्च घराच्या किमतीत धरून कर्ज देण्यास रिझर्व्ह बँकेचे नियम सर्वसाधारणपणे मुभा देत नाहीत, हे ग्राहकाला बहुधा साठेखताच्या आदल्या आठवड्यात कळते. मग भविष्य निर्वाह निधी, दागिने, मेहुण्याकडून हातउसने अशी धावपळ सुरू होते. हा दहा मिनिटांचा हिशेब पहिल्याच भेटीत कोणीतरी मांडून द्यायला हवा, आणि तो आपणच द्यायला हवा.

पैशांइतकाच नाजूक प्रश्न तारखांचा असतो. जुन्या घराचा खरेदीदारही कर्जच घेतो. त्याची बँक मूळ कागदपत्रे पाहिल्याशिवाय पैसे सोडत नाही. आपली बँक कर्ज फिटल्याशिवाय कागदपत्रे सोडत नाही. कर्ज फेडायला विक्रेत्याकडे पैसे नसतात, कारण ते खरेदीदाराकडून यायचे असतात. तिकडे नव्या घराचा मालक साठेखतातील तारखेवर बोट ठेवून बसलेला असतो. ही गाठ सोडवण्याची रीत आहे आणि ती जुनी आहे. आपण शिल्लक कर्जाचे पत्र आणि आपल्या ताब्यातील कागदपत्रांची यादी द्यायची. त्या आधारे खरेदीदाराच्या बँकेने तेवढ्या रकमेचा धनादेश थेट आपल्या कर्जखात्याच्या नावे काढायचा आणि उरलेली रक्कम विक्रेत्याला द्यायची. पण ते पत्र मिळवण्यासाठी ग्राहकाला किती खेपा घालाव्या लागतात, हे काउंटरच्या अलीकडे बसणाऱ्या आपण सर्वांनी प्रामाणिकपणे आठवून पाहावे.

काही वर्षांपूर्वी मी एका शाखेत कर्ज विभाग सांभाळत होतो. एका ग्राहकाने दागिने तारण ठेवून उरलेले कर्ज फेडले, केवळ मूळ कागद हाती यावेत म्हणून. ते कागद दूरच्या मध्यवर्ती भांडारात होते आणि यायला दीड महिना लागला. तोवर त्याच्या खरेदीदाराने दुसरे घर पाहिले. नव्या घरासाठी दिलेला दोन लाखांचा विसारही मुदत टळल्यामुळे गेला. त्याची पत्नी कागद घ्यायला आली. पाकीट उघडूनही न पाहता तिने पोच लिहून दिली. नियमानुसार आमचे काहीच चुकले नव्हते, आणि हेच मला आजही खुपते.

१ डिसेंबर २०२३ पासून या बाबतीत नियमच बदलला आहे. कर्ज पूर्ण फिटल्यापासून ३० दिवसांत मूळ कागदपत्रे परत करणे बँकांना बंधनकारक असून बँकेमुळे विलंब झाल्यास दिवसाला ५,००० रुपये भरपाई द्यावी लागते. ही सुधारणा स्वागतार्हच आहे. तरीही ज्याचे पुढचे घर अडून बसले आहे त्याला तीस दिवसही फार होतात. ग्राहक शिल्लक रकमेचे पत्र मागायला येतो त्याच दिवशी कागद भांडारातून मागवले, तर एवढी वाट पाहण्याची वेळ सहसा येऊ नये.

आधी विकावे की आधी घ्यावे? येथे माझे मत अनेकांना रुचत नाही. जुन्या घराचे साठेखत होऊन ठोस रक्कम हाती आल्याखेरीज नव्या घरासाठी मोठा विसार देऊ नये, आणि मध्ये चार-सहा महिने भाड्याने राहावे लागले तर राहावे. आपल्याकडे स्वतःचे घर विकून भाड्याच्या घरात जाणे म्हणजे पडता काळ, असे शेजारीपाजारी समजतात. सासरची मंडळी तर अधिकच. सामान दोनदा हलवण्याचा त्रासही खरा. परंतु घाईने पाच लाख कमी घेऊन घर विकण्यापेक्षा सहा महिन्यांचे भाडे बहुधा स्वस्त पडते. जुने घर विकले जाईपर्यंतची उणीव भरून काढणारे 'ब्रिज लोन' काही बँका देतात, साधारणतः दोन वर्षांपर्यंत. ज्याच्या घराला खरेदीदार ठरला आहे त्याच्यासाठी ते उपयुक्त आहे. 'पाडव्यापर्यंत भाव वाढेल' म्हणून थांबलेल्याने त्या वाटेला जाऊ नये. दोन कर्जांचे व्याज पाडव्याची वाट पाहत नाही.

कराच्या भीतीने उगाच घाई करणारेही दिसतात. घर दोन वर्षांहून अधिक काळ मालकीचे असेल, तर विक्रीवरील दीर्घकालीन भांडवली नफा नव्या घरात गुंतवून करसवलत मिळवता येते. नवे घर विक्रीच्या आधी एक वर्षात किंवा नंतर दोन वर्षांत घेतलेले चालते. मात्र विवरणपत्राच्या मुदतीपर्यंत न वापरलेली रक्कम १९८८ च्या भांडवली नफा खाते योजनेतच ठेवावी लागते. ती साध्या मुदत ठेवीत ठेवून बसलेले ग्राहक मी पाहिले आहेत, आणि ती ठेव आनंदाने स्वीकारणारे आपले सहकारीही. हे खाते ग्रामीण शाखांत उघडत नाही, एवढे तरी प्रत्येक शाखेत ठाऊक असावे.

महाराष्ट्राबाहेरच्या वाचकांची अडचण आणखी वेगळी. नागपूरचे घर विकून हैदराबादेत घेणाऱ्या कुटुंबाला येथे गृहनिर्माण संस्थेचा भाग दाखला आणि ना-हरकत पत्र लागते, तर तेथे बोजा प्रमाणपत्र मागतात. बंगळुरूला गेल्यास 'खाता' कोणाच्या नावावर आहे ते आधी विचारतात. मुद्रांक शुल्काचे दर प्रत्येक राज्यात निराळे. नोंदणीला प्रत्यक्ष जाता येत नसेल तर कुलमुखत्यारपत्र करावे लागते आणि त्याचा मसुदा दोन्ही ठिकाणच्या बँकांना मान्य व्हावा लागतो. देशभर शाखा असलेल्या बँकेने यात मदत करायची नाही तर कोणी? दोन शहरांतील दोन अधिकाऱ्यांनी एकमेकांना एक दूरध्वनी केला, तरी ग्राहकाचा एखादा रेल्वेप्रवास वाचू शकतो.

माझी सूचना छोटी आहे. मी ज्या अर्जांवर काम केले, त्यांत उत्पन्न, वय, अवलंबून असणाऱ्या व्यक्ती यांचे रकाने होते. 'राहते घर विकणार आहात काय, त्यावर कोणाचे कर्ज आहे, ताबा कधी द्यायचा आहे' असे विचारणारा रकाना नव्हता. त्या दागिने तारण ठेवणाऱ्या ग्राहकानंतर मी ही तीन उत्तरे अर्जाच्या समासात पेन्सिलीने लिहून ठेवू लागलो. तपासणीला आलेल्या अधिकाऱ्यांनी दोनदा ती खोडायला लावली.