चूक कोणाची आणि मान खाली कोणाची?

मित्र-मैत्रिणींनो,

आज एका मुलाची ओळख करून देते. हा मुलगा मी मनानंच उभा केला आहे, तेव्हा 'आमच्या वर्गातला तर नव्हे?' म्हणून शोधत बसू नका. पण तो ज्यातून जातो आहे, त्यातून जाणारी मुलं अगदी खरी आहेत, बरं का!

मुलगा नाशिकचा, दहावीतला. तो लहान असतानाच वडील वारले. यंदाच्या मे महिन्यात आईनं दुसरं लग्न केलं आणि सातपूरचं सामान टेम्पोत भरून दोघं पंचवटीत राहायला आली. नव्या घरात काका आहेत, म्हणजे आईचे यजमान. त्यांचा आठवीतला मुलगा आहे. दोघा मुलांत मिळून एक खोली, एक टेबल, एक कपाट. शाळाही एकच.

शाळेत पहिल्याच आठवड्यात चार-पाच जणांनी याला हेरलं. याच्या चालण्याची नक्कल करायची, 'बायल्या' म्हणून हाक मारायची, मधल्या सुटीत हा डबा घेऊन आला की बाकावरून सगळ्यांनी उठायचं. एकदा तर त्याचा चोरून व्हिडिओ काढला आणि वर्गाच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर टाकला. चाळीस मुलं हसली.

आणि या मुलाच्या मनात एक गोष्ट आहे, जी त्यानं कोणालाच सांगितलेली नाही. वर्गातली मुलं मुलींविषयी जसं बोलतात, तसं त्याला मुलांविषयी वाटतं. म्हणून तो गप्प बसतो. त्याला वाटतं, 'तक्रार केली तर सर विचारतील, ते तुला असं का म्हणतात? मग मी काय सांगू? काकांना कळलं तर? आईचा संसार आत्ता कुठे मांडला जातोय, तो माझ्यापायी मोडला तर?'

बघा, दोन वेगवेगळ्या धाग्यांची एक गाठ बसली आहे. आपण ती एकेक धागा धरून सोडवू.

पहिला धागा मनातल्या गोष्टीचा. ज्या मुलाला मुलांविषयीच ओढ वाटते, त्याला 'गे' किंवा समलिंगी म्हणतात. हा आजार नाही. जागतिक आरोग्य संघटनेनं १९९० सालीच आजारांच्या यादीतून हे नाव काढून टाकलं. हा गुन्हाही नाही. इंग्रजांच्या काळापासून चालत आलेलं कलम ३७७ होतं. सज्ञान माणसांच्या आपखुशीच्या नात्याला त्याखाली गुन्हा धरता येणार नाही, असा निकाल सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायमूर्तींनी ६ सप्टेंबर २०१८ रोजी दिला. आणि आपल्या मराठी माणसांत हे काही नवीन नाही. पुण्यात बिंदुमाधव खिरे यांनी २००२ साली अशा लोकांसाठी 'समपथिक ट्रस्ट' काढला, या विषयावर मराठीत पुस्तकं लिहिली.

आणखी एक. एखाद्याचं चालणं-बोलणं नाजूक आहे म्हणजे तो गे आहे, असं मुळीच नसतं. आणि पंधराव्या वर्षी कोणाला आपलं मन पक्कं कळलेलं असतं, कोणाला नसतं. घाई कसली? कोणाला, कधी आणि किती सांगायचं, हे ज्याचं त्यानंच ठरवायचं.

आता दुसरा धागा, शाळेतल्या छळाचा. इथे मला सगळ्यात महत्त्वाचं सांगायचं आहे. तक्रार करायला मनातलं गुपित उघड करावं लागत नाही! तक्रार असते ती त्या मुलांच्या वागण्याची. आपण कसे आहोत, याचा तिथे संबंधच नाही. डबा फेकला तर फेकणाऱ्याची चूक. मग ज्याचा डबा फेकला तो गे असो, नसो, गाणारा असो की कबड्डी खेळणारा असो!

म्हणून तक्रार अशी लिहा: वार, तारीख, जागा, कोण होतं, काय केलं, कोणी पाहिलं. 'मंगळवारी मधल्या सुटीत अमक्यानं माझा डबा खिडकीतून फेकला, दोघांनी पाहिलं.' बस्स. फोनवर काही आलं असेल तर रागानं पुसून टाकू नका. त्याचा फोटो काढून मोठ्या माणसाकडे ठेवायला द्या. सरांनी विचारलंच, 'ते तुला असं का म्हणतात?' तर उत्तर सोपं आहे: 'सर, ते त्यांनाच विचारा. मला एवढंच माहीत आहे की हे थांबायला हवं.'

आणि वर्गशिक्षक म्हणाले, 'तूच जरा नीट चालत जा की,' तर? तर तिथे थांबायचं नाही. तक्रार लेखी करून मुख्याध्यापकांकडे द्यायची, जमलं तर आईच्या सहीनं. महाराष्ट्रात १९९९ पासून रॅगिंगविरोधी कायदा आहे. चिडवणं, धमकावणं, लाज वाटेल असं वागवणं, हे सगळं त्यात येतं. लेखी तक्रार आली की संस्थेच्या प्रमुखांनी सात दिवसांत चौकशी करायची, असं तो कायदा सांगतो. विद्यार्थी, पालक किंवा शिक्षक, कोणीही तक्रार करू शकतं.

एवढं असूनही मुलं बोलत नाहीत. युनेस्कोनं २०१९ साली तमिळनाडूतला एक अभ्यास प्रसिद्ध केला. अशा मुला-मुलींना मोठेपणी शाळेतले अनुभव विचारले होते. माध्यमिक शाळेत असताना अंगावर हात टाकण्यापर्यंत छळ झाल्याचं ६० टक्क्यांनी सांगितलं. शाळेकडे तक्रार केलेले मात्र अवघे १८ टक्के. बाकीच्यांनी मान खाली घातली. खरं तर मान कोणी खाली घालायला हवी होती?

आता घर. मुलाला वाटतं, एका छताखाली राहतो तर काकांना सगळं सांगायलाच हवं. तसं काही नाही. नवं नातं रुजायला वेळ लागतो, त्यांनाही आणि यालाही. पण शाळेतला त्रास आईपासून लपवू नये. 'मला मुलं त्रास देतात, माझ्याबरोबर शाळेत चल,' एवढं सांगितल्यानं संसार मोडत नाहीत. उलट आईला न सांगता तो झुरत राहिला, तरच घर उदास होईल. मनातलं गुपित पुढे कधी सांगावंसं वाटलं, तर आधी अंदाज घ्यावा. टीव्हीवर असा विषय निघाला की घरातली माणसं काय बोलतात, ते ऐकावं. जो हसण्यावारी नेत नाही, त्याच्याशी आधी बोलावं. मामा, मावशी, आजी, आवडत्या बाई, कोणीही.

आता त्या आठवीतल्या मुलाकडे वळते. बाळा, व्हिडिओ तुझ्याही फोनवर आला असेल. मित्र तुला विचारतील, 'काय रे, तो तुझा सावत्र भाऊ ना?' तेव्हा तू काय म्हणशील? आपल्या गोष्टींत 'सावत्र' हा शब्द फार बदनाम आहे. ध्रुवाला वडिलांच्या मांडीवरून उठवणारी सुरुची सगळ्यांना आठवते. पण तू तर पंचवटीत राहतोस! तिथे वनवासात रामाच्या सोबत राहिलेला लक्ष्मण कोण होता? सावत्र भाऊच की! तुला धनुष्यबाण घ्यायचा नाही. मधल्या सुटीत आपला डबा घेऊन त्याच्या शेजारी जाऊन बस, एवढंच. आणि त्याच्याविषयी काही कळलं, तर ते त्याचं गुपित आहे. भांडणातसुद्धा बाहेर काढायचं नाही.

हेच बाकीच्या चाळीस जणांनाही. तुम्ही चिडवलं नसेल, नुसतं हसला असाल. पण हसणारे नसले तर नक्कल करणारा कोणासाठी नक्कल करील, सांगा बरं?

पालकांनो, दोन शब्द तुमच्यासाठी. मूल अचानक शाळा टाळू लागलं, डबा तसाच परत आणू लागलं, तर आधी शेजारी बसा. मूल असं काही सांगेल तेव्हा 'हे बदलून देतो' म्हणणाऱ्यांकडे धावू नका. असे 'उपचार' म्हणजे डॉक्टरचं व्यावसायिक गैरवर्तन आहे, असं राष्ट्रीय वैद्यकीय आयोगानं २०२२ साली स्पष्ट केलं आहे. लेखिका-दिग्दर्शिका चित्रा पालेकर यांच्या मुलीनं त्यांना आपण समलिंगी असल्याचं सांगितलं. त्या लेकीच्या पाठीशी उभ्या राहिल्या, कलम ३७७ विरुद्ध सर्वोच्च न्यायालयात गेलेल्या पालकांत सामील झाल्या आणि मुंबईत अशा आईवडिलांच्या 'स्वीकार' या गटाच्या उभारणीत पुढे राहिल्या. तुम्हाला कोर्टात जायची गरज नाही. शाळेत गेलात तरी पुष्कळ.

आणि मुलांनो, एखाद्या दिवशी फारच असह्य झालं, जगणं नको वाटलं, तर तो दिवस एकट्यानं काढायचा नाही. १०९८ हा मुलांसाठीचा फोन आहे, पैसे पडत नाहीत, रात्रीसुद्धा उचलतात. मनावरचा ताण बोलायला १४४१६ हा सरकारी 'टेलि-मानस'चा नंबर आहे. दोन्ही नंबर वहीच्या शेवटच्या पानावर आत्ताच लिहून ठेवा. स्वतःला लागले नाहीत, तर शेजारच्या बाकावर लागतील.

पत्रं पाठवत राहा. 'नाव छापू नका' असं लिहिलंत, तर ते छापलं जाणार नाही.

तुमची,
मावशी