तैनाती फौजेचा हिशेब

इंद्रलोकांतील आमच्या एका स्नेह्यांकडे मध्यंतरीं चार सुशिक्षित मंडळी जमलीं असतां युरोप-अमेरिकेच्या लष्करी मैत्रीचा विषय निघाला. नाटो संघांतील राष्ट्रांनीं देशांतर्गत उत्पादनाच्या शेंकडा दोन इतका खर्च संरक्षणावर करण्याचें २०१४ सालीं वेल्स येथें ठरविलें; २०२५ सालीं हेग येथें तोच आंकडा २०३५ पर्यंत शेंकडा पांचावर नेण्याचें जाहीर झालें. यावर बहुतेकांचा निकाल एकच पडला : जो आपला वांटा भरीत नाहीं, त्यानें संरक्षण मागूं नये. हा निकाल इतका न्याय्य दिसतो कीं त्याविरुद्ध बोलणारास फुकट्यांचा कैवारी म्हणवून घ्यावें लागतें. तो आरोप पत्करूनही आम्ही म्हणतों कीं, हा निकाल अर्धाच आहे. आणि उरलेला अर्धा भाग न वाचल्यामुळें आपल्याच लोकांनीं एकदां राज्य गमावलें आहे.

आमच्या घरापासून खाडी ओलांडली कीं पलीकडे वसई लागते. १७३९ सालीं चिमाजी अप्पांनीं जिंकलेल्या त्याच वसईंत ३१ डिसेंबर १८०२ रोजीं दुसऱ्या बाजीरावानें आपला वांटा भरण्याचें कबूल केलें. पण त्या तहाचा अर्थ समजण्यासाठीं वाचकांनीं आमच्याबरोबर बारा वर्षें मागें यावें.

१७९० सालीं पेशवे, निजाम व इंग्रज यांनीं टिपूविरुद्ध एकजूट केली. फौजा प्रत्येकानें आपापल्या आणावयाच्या व जिंकलेला मुलूख सारखा वांटून घ्यावयाचा, असा करार होता. परशुरामभाऊ पटवर्धन धारवाडच्या वेढ्यांत सहा महिन्यांहून अधिक काळ अडकून पडले, तेव्हां मराठे चुकारपणा करतात असा बोभाटा इंग्रजांनीं केला. आणि त्यांत तथ्य अगदींच नव्हतें असें नाहीं. परंतु १७९१ च्या मे महिन्यांत कॉर्नवॉलिस श्रीरंगपट्टणासमोर उभा असतां त्याचे बैल मेले, धान्य संपलें व आपल्याच वेढ्याच्या तोफा फोडून त्यास मागें फिरावें लागलें. त्या उपाशी फौजेला वाटेंत हरिपंत फडके व परशुरामभाऊ भेटले आणि मराठी छावणीच्या बाजारानें तिला तारलें. बाजारांतील भाव चढे होते, ही तक्रार इंग्रज लेखकांनीं मागाहून केलीच. पण धान्य मिळालें, हेंही त्यांनींच लिहून ठेविलें आहे. आतां ह्या धान्याची किंमत शेंकड्यांत कशी मांडावयाची? तोफ, घोडा, रसद आणि वेळ हीं चार निरनिराळीं ओझीं आहेत. तीं एका तराजूंत बसत नाहींत. तरीही १७९२ च्या तहानें टिपूचें अर्धें राज्य व तीन कोटी तीस लाखांची खंडणी तिघांत वांटली गेली, याचें कारण एकच : तिघांच्याही फौजा आपापल्या धन्याच्या हुकुमांत होत्या.

पुढें फरक पडला तो येथें. १८०२ च्या ऑक्टोबरांत यशवंतराव होळकरांनीं पुण्याजवळ पराभव केल्यावर बाजीराव पळाला आणि वसईस त्यानें कंपनीची किमान सहा हजारांची कायम फौज पत्करली. तिच्या खर्चासाठीं वर्षास सव्वीस लाखांचा मुलूख तोडून दिला. आमच्या मित्रांच्या कसोटीस तो पुरेपूर उतरतो. त्याचा वांटा थकला नाहीं. परंतु फौज कंपनीची, तिचे सरदार कंपनीचे; आणि वर अट अशी कीं परराज्यांशीं बोलणें कंपनीच्या विचारानेंच करावें व निजाम-गायकवाडांशीं असलेल्या तंट्यांत तिचा निवाडा मानावा. पहारेकऱ्याचा पगार आपण द्यावा आणि त्यानें हुकूम शेजाऱ्याचा ऐकावा, असा हा संसार होता. तो १८१८ सालीं संपला.

निजामाची कथा याहून बोलकी आहे. १७९२ व १७९९ सालीं टिपूच्या राज्यांतून मिळालेला मुलूख त्यानें १८०० सालीं कंपनीला परत दिला, तो तैनाती फौजेच्या खर्चापोटीं. एवढ्यानेंही भागलें नाहीं. इंग्रज अंमलदारांच्या हाताखालील दुसऱ्या एका फौजेच्या थकलेल्या देण्यापायीं १८५३ सालीं वऱ्हाड कंपनीच्या स्वाधीन झालें. वऱ्हाडांतील मराठी कुणब्याला ती फौज हवी होती काय, हें कोणी विचारलें नाहीं.

यावर कोणी म्हणेल, ती साम्राज्याची लबाडी होती. आजच्या समान राष्ट्रांना तो दाखला लावूं नये. पण १७९० सालीं निजामही समानच होता. आणि आजचें पाहावयाचें तर १९९१ च्या आखाती युद्धांत जपाननें तेराशें कोटी डॉलर मोजले. तरी कुवेतनें वर्तमानपत्रांतून मित्रदेशांचे जाहीर आभार मानले तेव्हां त्या यादींत जपानचें नांव नव्हतें. उलट त्या वेळीं साठ लाखांहून कमी वस्ती असलेल्या डेन्मार्कनें अफगाणिस्तानांत चाळिसांहून अधिक सैनिक गमावले, आणि त्याच काळांत शेंकडा दोनच्या यादींत तो देश चुकारांत मोडत होता. ज्या हिशेबांत मेलेला शिपाई कोठेंच जमा होत नाहीं, त्या हिशेबास आम्ही न्याय म्हणत नाहीं.

मात्र याचा आधार घेऊन चुकारांनीं सुटूं नये. मराठी सरदारांनीं आपसांतलें ओझें वांटून घेतलें असतें, तर बाजीरावास परक्याची फौज विकत घ्यावी लागली नसती. १८०३ सालीं शिंदे-भोसले लढले तेव्हां होळकर दूर राहिले. १८०४ सालीं होळकर लढले तेव्हां ते एकटेच होते. आपलें ओझें जो स्वतः उचलीत नाहीं, त्याच्यावर कोणाचें तरी ओझें लादलें जातेंच.

म्हणून आमचें सांगणें एवढेंच आहे. मित्रराष्ट्रांचा वांटा जरूर मोजावा. पण किती रुपये दिले हें विचारण्यापूर्वीं फौज कोणाची, हुकूम कोणाचा आणि मरतो कोण, हें विचारावें. आपल्या देशालाही उद्यां कोणी मैत्रीच्या खर्चाचा आंकडा दाखवील. त्या दिवशीं आमच्या स्नेह्यांनीं खाडीवरच्या पुलावरून जातांना क्षणभर वसईच्या किल्ल्याची आठवण करावी. तेथें पैसे पुरे भरले गेले होते.