‘रेअर पीस’ म्हणजे काय रे भाऊ?

विजापूरच्या बुरुजावरची ‘मलिक-ए-मैदान’ तोफ तुमच्यापैकी बऱ्याच जणांनी शाळेच्या सहलीत पाहिली असेल. ती मूळची विजापूरची नाही, हे मात्र गाईड घाईघाईत सांगतो. १५४९ साली ती अहमदनगरला ओतली गेली, पुढे आमच्या परंड्याच्या किल्ल्यात होती आणि १६३२ मध्ये तिथून विजापूरला नेली. न्यायला दहा हत्ती आणि चारशे बैल लागले असं म्हणतात. वजन ५५ टन! तर मित्रांनो, ही तोफ १८५४ साली चक्क लिलावात निघाली होती. बोली किती लागली असेल? फक्त दीडशे रुपये. भागाकार केलात तर टनाला पावणेतीन रुपये पडतात. नंतर तो लिलाव रद्द झाला म्हणून तोफ जागेवर राहिली.

परंडेकर म्हणून मला हा किस्सा झोंबतो, पण आजचा विषय तोफ नाही, मनगटी घड्याळ आहे. तोफेची आठवण काढली ती एवढ्यासाठी की तिच्यासारखी दुसरी नव्हतीच. दुर्मिळपणात शंभरपैकी शंभर मार्क. तरी भाव दीडशे, कारण ती घेऊन करायचं काय आणि न्यायची कशी, हा प्रश्न प्रत्येकाला पडला असणार. लिलावात किंमत ठरते ती जिंकणाऱ्या माणसामुळे नव्हे, तर दुसऱ्या नंबरच्या माणसामुळे. दुसरा जिथे हात खाली घेतो, त्याच्या एक पायरी वर पहिल्याचा भाव थांबतो. दुसरा माणूसच नसेल तर जगातली एकमेव वस्तूसुद्धा मातीमोल जाते. आणि दोन हट्टी माणसं समोरासमोर बसली तर विचारूच नका!

याची दुसरी बाजू बघा. २०१७ च्या ऑक्टोबरमध्ये न्यूयॉर्कला फिलिप्स या लिलाव कंपनीने नट पॉल न्यूमन याच्या हातातलं रोलेक्स डेटोना विकलं. हातोडा पडला १ कोटी ५५ लाख डॉलरवर, आणि कंपनीचं कमिशन धरून घेणाऱ्याने मोजले १ कोटी ७७ लाख ५२ हजार ५०० डॉलर. तेव्हाच्या दराने साधारण ११५ कोटी रुपये. (हातोड्याचा भाव आणि प्रत्यक्ष मोजलेले पैसे यातला हा फरक पेपरवाले कधी सांगतात, कधी विसरतात.) गंमत म्हणजे त्या प्रकारच्या डायलची घड्याळं नवी होती तेव्हा गिऱ्हाईक त्यांना नाक मुरडायचं. कमी खपली म्हणून आज कमी आहेत, आणि न्यूमनने ती घातली म्हणून आज हवी आहेत. यातलं एकच कारण असतं तर भाव इतका चढला नसता. पाटेक फिलिपचं १५१८ हे मॉडेल घ्या. सोन्यातली कितीतरी आहेत, स्टीलमधली फक्त चार माहीत आहेत. २०१६ साली जिनिव्हात त्यातलं एक १ कोटी १० लाख स्विस फ्रँकला गेलं. सोन्यापेक्षा स्टील महाग! सोनारकट्ट्यावर सांगून बघा, हाकलून देतील.

आता हे सगळं परंड्यात बसून मी का लिहितोय? कारण मागच्या वर्षी सुट्टीत घरी गेलो तेव्हा शेजारचे काका एक डबा घेऊन आले. डब्यात त्यांच्या वडिलांचं फेवर-लुबा. धाकट्या मुलीची फार्मसीची फी भरायची होती. कुणीतरी मोबाईलवर व्हिडिओ दाखवला होता.

“आरं इंजिनियर, बघ की हे. लाखाचं हाय म्हणत्यात.”

फेवर-लुबा ही १७३७ पासूनची स्विस कंपनी. एकोणिसाव्या शतकात मुंबईत तिचं बस्तान बसलं आणि नंतर पिढ्यान्‌पिढ्या भारतात तिची घड्याळं खपली. लग्नात जावयाला घड्याळ, सायकल, रेडिओ द्यायचे दिवस होते ते. म्हणजे नाव मोठं, पण आपल्याकडे संख्याही मोठी. मी भिंगातून पाहिलं. डायल चकचकीत, अगदी कालची वाटावी अशी. अक्षरांच्या कडा फुटलेल्या, तास दाखवणाऱ्या रेघांच्या बाहेरची मिनिटांची छापील रेघ एका बाजूला सरकलेली, आणि अगदी तळाशी सहाच्या आकड्याखाली जे बारीक ‘स्विस मेड’ असायला हवं ते गायब. काकांना विचारलं तर ते अभिमानाने म्हणाले, “घाम जाऊन काळी पडली हुती. बार्शीच्या घड्याळवाल्यानं नव्यासारखी करून दिली.”

झालं! जुन्या घड्याळाच्या बाजारात सगळ्यात जास्त पैसे डायलचे असतात, आणि तीच रंगवलेली निघाली. मशीन चालू होतं, केस खरी होती, पण लाख सोडा, काही हजारांच्या पुढे कुणी बोललं नसतं. मी ते काकांना सांगितलं. त्यांनी डबा बंद केला आणि फीसाठी सोसायटीतून कर्ज काढलं.

इथे मला एक गोष्ट ठासून सांगायची आहे. बार्शीच्या त्या माणसाने काहीही वाईट केलं नाही. त्याच्यासमोर आलेलं गिऱ्हाईक घड्याळ घालणारं होतं, विकणारं नव्हतं. आकडे दिसत नव्हते, त्याने दिसते केले. ही दुरुस्तीच आहे. फसवणूक सुरू होते ती हीच रंगवलेली डायल कुणीतरी ‘ओरिजिनल कंडिशन, रेअर पीस’ म्हणून विकतो तेव्हा. परदेशातले संग्राहक अशा मालाला ‘मुंबई स्पेशल’ म्हणतात. जुनी केस एकीकडची, मशीन दुसरीकडचं, डायलवर भगवा नाहीतर पोपटी रंग, वर ठळक नाव. आपल्या राजधानीचं नाव जगभर असं गाजावं याचं मला वाईट वाटतं. पण शहाण्यासुरत्या स्विस लोकांनी फार हसू नये. २०२१ च्या नोव्हेंबरमध्ये जिनिव्हात एक जुनं ओमेगा स्पीडमास्टर ३१ लाख स्विस फ्रँकच्या वर गेलं. अंदाज होता ८० हजार ते १ लाख २० हजारांचा! घेणारं कोण, तर ओमेगाचंच संग्रहालय. आणि २०२३ साली उघड झालं की ते घड्याळ निरनिराळ्या घड्याळांचे भाग जुळवून केलेलं होतं, आणि त्यात कंपनीच्याच माजी कर्मचाऱ्यांचा हात असल्याचं खुद्द ओमेगाने सांगितलं. भाग बहुतेक खरे, घड्याळ खोटं. घर का भेदी लंका ढाए म्हणतात ते हेच.

मग खरं-खोटं ओळखायचं कसं? मला वाटतं, हे काम आपल्या ब्रँचच्या पोरांना जमण्यासारखं आहे. लागतं काय, तर दहापट भिंग, व्हर्नियर आणि थोडा संशयी स्वभाव. (तिसरी गोष्ट व्हायव्हा घेणाऱ्या सरांकडून उसनी मिळेल.) केसच्या कडा बघा. पट्टा अडकतो ते चार कान कारखान्यातून येताना धारदार आणि एकसारखे असतात. चारदा पॉलिश झालं की साबणाच्या वडीसारखे गोल होतात, आणि व्हर्नियर लावला की चारही कानांची मापं वेगळी येतात. गेलेलं मटेरियल परत येत नाही. म्हणून ओरखडे असलेली केस चकचकीत केसपेक्षा महाग जाते, हे आपल्याकडच्या लोकांना पटता पटत नाही.

अंधारात चमकणारे काटे असतील तर मामला अजून मजेदार. जुन्या काळी त्यात रेडियम असायचं, साठच्या दशकापासून ट्रिटियम आलं, आणि ते असल्याची खूण म्हणून बऱ्याच डायलवर ‘स्विस’ या शब्दाच्या दोन्ही बाजूंना बारीक ‘टी’ छापलेला असतो. ट्रिटियमचं अर्धायुष्य १२.३ वर्षं. पन्नास वर्षांत चार अर्धायुष्यं उलटली, म्हणजे उरलं जेमतेम सहा टक्के. तेव्हा साठ-सत्तर सालचं घड्याळ रात्री टॉर्चसारखं चमकत असेल तर रंग नवा भरलाय, एवढं गणित बारावीच्या फिजिक्सवर सुटतं. नोटा तपासायची निळी बत्ती मारा. डायलवरचे ठिपके विझलेले आणि काटे मात्र मिनिटभर उजळलेले दिसले तर काटे दुसऱ्याचे. रेडियमवाल्या घड्याळाची काच मात्र कुणी घरी उघडू नका. तो रंग भुकटी होऊन पडतो आणि रेडियमचं अर्धायुष्य १६०० वर्षं आहे, तुमच्या-माझ्यापेक्षा जरा जास्त.

मशीनचं काय? इथे एक चमत्कारिक गोष्ट आहे. एचएमटीचं १७ ज्वेलचं ०२३१ मशीन तासाला १८,००० ठोके देतं, म्हणजे सेकंदाला पाच. टायमिंग मशीनवर ठेवलं की दिवसाला किती पुढे-मागे जातं ते कळतं. पण लिलावात वेळ अचूक दाखवल्याचे पैसे जवळजवळ मिळत नाहीत! रस्त्यावरचं दोनशे रुपयांचं क्वार्ट्झ, सेकंदाला ३२,७६८ कंपनं मोजणारं, करोडोच्या घड्याळाला वेळेत सहज हरवतं. मशीन बघायचं ते चालतं का म्हणून नाही, तर त्याच केसमध्ये जन्मलेलं आहे का म्हणून.

एचएमटीवर थोडं जास्त बोललं पाहिजे, कारण तुमच्या-आमच्या घरात सापडणार ते तेच. १९६१ साली जपानच्या सिटिझन कंपनीच्या मदतीने बंगळूरला कारखाना सुरू झाला आणि जनता, पायलट, जवान, कांचन, सोना अशा नावांनी घरोघरी पोचला. २०१६ च्या जानेवारीत केंद्र सरकारने एचएमटी वॉचेस बंद करायला मंजुरी दिली आणि एका रात्रीत प्रत्येक ‘जनता’ घड्याळ ‘रेअर’ झालं! असं कसं होईल? कारखाना बंद झाला म्हणून आधी विकलेली घड्याळं काही नाहीशी होत नाहीत. ‘जनता’ हे नावच सांगतं की ते जनतेसाठी लाखोंनी काढलेलं आहे. दुर्मिळ काय आहे, तर हात न लावलेलं ‘जनता’. डायल तीच, काटे तेच, किल्ली तीच, सोबत डबी आणि बिल. हौशी माणसं शोधतात ती अशी, आणि असली शंभरात किती निघतील ते एखाद्या जुन्या घड्याळवाल्याला विचारा. नारिंगी डायलचं ‘पायलट’ कुणी दुर्मिळ म्हणून दाखवलं तर नमस्कार करून पुढे जा. जुनं पायलट म्हणजे बहुतेक वेळा काळी डायल.

कागदाचं वजन तर घड्याळापेक्षा जास्त. २००९ च्या मार्चमध्ये न्यूयॉर्कला महात्मा गांधींचा चष्मा, चपला, ताट-वाटी आणि खिशातलं झेनिथ घड्याळ असा एकत्र लिलाव झाला, १८ लाख डॉलरला विजय मल्ल्यांनी घेतला. तसलंच झेनिथ दुसऱ्या कुणाच्या खिशातलं असतं तर त्याला कोण विचारतं? पैसे पडले ते ‘हे त्यांचंच’ असं सांगणाऱ्या साखळीचे. आपल्याकडे ही साखळी पहिल्या दिवाळीच्या साफसफाईत तुटते. घड्याळ जपतात आणि बिल रद्दीत घालतात. आजोबांचा लग्नातला फोटो असतो, मनगटावर तेच घड्याळ दिसतं, पण फोटो एका काकांकडे आणि घड्याळ दुसऱ्यांकडे. रिटायरमेंटला मिळालेलं असेल तर मागच्या झाकणावर नाव कोरलेलं असतं. काही जण ते ‘खराब दिसतं’ म्हणून घासून काढतात. असो.

आता कुणी म्हणेल, विकायचंच नसेल तर ही उठाठेव कशाला? ठीक आहे, विकू नका. पण काकांसारखी वेळ कुणावरही येऊ शकते, आणि त्या वेळी समोर बसलेला व्यापारी आपल्यापेक्षा जास्त जाणतो. त्याला रंगवलेली डायल एका नजरेत कळते. खरी डायल असेल तर तीही कळते, पण ते तो सांगत नाही. ही माहिती दोन्ही बाजूंना सारखी असायला हवी, एवढंच माझं म्हणणं आहे.

त्यासाठी परंडा, बार्शी, भूम, करमाळा इथल्या घड्याळवाल्यांनी एक साधी गोष्ट केली तरी पुष्कळ होईल. त्यांची संख्या आधीच कमी होत चाललीय, त्यांच्यावर ओझं टाकायचं नाही. दुरुस्तीच्या चिठ्ठीवर नुसतं ‘सर्व्हिसिंग’ न लिहिता ‘डायल रंगवली’, ‘काटे बदलले’, ‘किल्ली नवी’ आणि खाली तारीख, एवढं लिहावं. गिऱ्हाइकानेही डायल रंगवायची घाई करू नये. आकडे वाचता येत असतील तर काळपट राहू द्यावी. आणि भाग बदलावाच लागला तर काढलेला जुना काटा, जुनी किल्ली कागदाच्या पुडीत मागून घ्यावी आणि चिठ्ठीसकट त्याच डबीत ठेवावी.