परदेशात जन्मलेलं बाळ भारतीय कधी? पहिलं वर्ष महत्त्वाचं

अंधेरी, जोगेश्वरी, घाटकोपर, कुर्ल्यातल्या कोकणी मुस्लिम घरांना आखाती नोकरी नवी नाही. आता काही मुलं जर्मनीकडेही वळतायत. पण तिकडे बाळ जन्मलं की त्याचं नागरिकत्व कुठलं, हा विषय घरात बऱ्याचदा उशिराच निघतो.

अनेकांना वाटतं, अम्मी-अब्बा भारतीय म्हणजे मूल आपोआप भारतीय. कायदा तसं म्हणत नाही. १९५५ च्या नागरिकत्व कायद्याच्या कलम ४ नुसार, ३ डिसेंबर २००४ पासून परदेशात जन्मलेल्या मुलाची नोंद भारतीय वकिलातीत एका वर्षाच्या आत व्हायला हवी. मुलाकडे दुसऱ्या देशाचा पासपोर्ट नाही, असं आई-वडिलांनी लिहून द्यायचं असतं. वर्ष उलटलं तर केंद्र सरकारची परवानगी लागते. आखाती देश केवळ तिथल्या जन्मावर परक्यांच्या मुलांना नागरिकत्व देत नाहीत. म्हणजे नोंद राहिली, तर मूल कागदोपत्री कुठलंच नाही, अशी वेळ येऊ शकते.

लेकीबाळींसाठीही एक गोष्ट लक्षात ठेवा. परदेशात जन्मलेल्या मुलाला पूर्वी नागरिकत्व फक्त वडिलांकडून मिळायचं. १० डिसेंबर १९९२ पासून ते आईकडूनही मिळतं. जावई परदेशी असला तरी मुलगी भारतीय असेल, तर नातवंडाची नोंद करता येते.

जर्मनीतही नागरिकत्व मुख्यतः आई-बापाकडूनच येतं. मात्र २७ जून २०२४ पासून तिथे परदेशी जोडप्यापैकी एकजण ५ वर्षं कायदेशीर राहिलेला असेल आणि त्याला कायम राहण्याचा हक्क असेल, तर तिथे जन्मलेलं मूल जन्मतःच जर्मन ठरतं. त्याच दिवसापासून जर्मनीने दुहेरी नागरिकत्वही मान्य केलंय. भारताने नाही. कलम ९ प्रमाणे, स्वतःहून जर्मन नागरिकत्व घेतलं की भारतीय नागरिकत्व संपतं. ओसीआय कार्ड मिळू शकतं, पण त्यावर मतदान करता येत नाही, शेतजमीनही विकत घेता येत नाही. गावाकडे वाडी-शेती असलेल्यांनी याचा आधीच विचार करावा.

म्हणून बाळाच्या अकीक्याची तयारी करतानाच जन्मदाखला, दोघांचे पासपोर्ट आणि लग्नाचा दाखला एकत्र काढा. सगळीकडे नावं एकसारखी आहेत का, ते पाहा. वकिलातीत नुसता पासपोर्टचा अर्ज देऊन थांबू नका; जन्मनोंदणी झाली का, हे विचारा आणि तिचा दाखला जपून ठेवा.